अर्ध्यात उतरू देणारा कंडक्टर

दोन हजार बाराचं साल होतं आणि मी बासष्ट वर्षांचा होतो. कागदावर साठ आहे, पण कागद लिहिणाऱ्यानं मला विचारलं नव्हतं. त्या साली पाऊस आला तो घाईतल्या पाव्हण्यासारखा, उंबऱ्यावर उभा राहून चहा न घेताच गेला. गारखेड्यात आमच्या कॉलनीला पोळ्याच्या आधीच टँकर लागला. टँकर येणार म्हणून सकाळी हंडे मांडायचे, दुपारी तेच हंडे सावलीत ओढायचे, आणि रस्त्याच्या वळणाकडं बघत बसायचं. कुठल्याही गाडीचा आवाज आला की सगळ्या माना एकदम तिकडं.

मी गवंडी. लासूर स्टेशनच्या अलीकडं आमचं गाव, घरी मेंढरं. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि मी शहरात आलो, तो परत गेलो नाही. तेव्हा शहराच्या पाटीवर औरंगाबाद लिहिलेलं होतं आणि गारखेड्यात ज्वारी उभी असायची. जिथं ज्वारी होती तिथं पुढं मी भिंती उभ्या केल्या. शाळा तिसरीपर्यंत. वाचता येत होतं, पण वाचायचं म्हणजे श्रावणात देवळात पोथी, तीही मोठ्यानं, पाय धुऊन. त्या साली परांचीवरून पडलो, गुडघा गेला, आणि घरी बसलो. घरी बसलेला गवंडी म्हणजे भिजून गोठलेलं सिमिट. कामाचं नाही आणि उचलवत पण नाही.

खरातांची गाठ पडली ती या टँकरच्या लायनीत. सोसायटीच्या आवारात तळमजल्याला एक खोली होती. तिच्यात चार लोखंडी कपाटं, एक टेबल, दोन बाकडी. ते आमचं वाचनालय. ते सांभाळायचे खरात, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. निम्मं आयुष्य फर्दापूरच्या गाडीवर गेलेलं. उंच, वाळकुडे, पौर्णिमेला पांढरा सदरा घालून विहारात जाणारे. एरवी अंगात खाकी शर्टच, नोकरी सुटली तरी. म्हणायचे, "कापड अजून मजबूत हाय, त्याला कशाला रिटायर करू?"

वाचायचे मात्र उभ्यानं. एक खांदा कपाटाला टेकवून, पुस्तक नाकाजवळ धरून, आणि अंग हळूहळू डुलत असायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, माणसाला चक्कर येतीय. गाडीत तिकिटं फाडून झाली की दाराजवळच्या दांड्याला टेकून त्यांनी इतकी वर्षं वाचलं होतं, की बसून वाचायला घेतलं की डोळा लागायचा.

त्या दिवशी लायनीत मी कोणावर तरी वरडत होतो. हंडा कोणी सरकवला म्हणून. खरात दारात आले.

"मिस्तरी, आत बसा. टँकर एवढ्यात येत नाय."

"आत बसून काय करू?"

"वाचा. वाचता येतं ना?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. पण लायनीत माणसं होती, आणि मला ते लागलं. मी म्हणालो, "तुम्ही आजवर जेवढं वाचलं असंल ना कंडक्टर, त्याच्यापेक्षा जास्त मी एका वर्षात वाचून दाखवीन."

बाया हसल्या. खरात हसले नाहीत. त्यांनी कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढली, माझ्या हातात दिली आणि टेबलावर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं. टक टक. डबल बेल. म्हणजे गाडी सुटली.

ती त्यांची पद्धतच होती. पुस्तक दिलं की दोन टकटक. पुस्तक परत आलं की एक. वाचलं का, कसं वाटलं, शेवटी काय झालं, असलं काहीही विचारायचे नाहीत. "प्रवाशी उतरला की कंडक्टरनं विचारायचं नसतं, कोणाकडं चाललास," असं म्हणायचे.

आता इथं घोर लागायची गोष्ट सांगतो. सोसायटीचे चेअरमन माणूस वाईट नव्हते. दिवसभर कानाला फोन आणि तोंडात 'टँकर, टँकर'. त्यांनी गणपतीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, की कॉलनीत जागा नाही, खोली अडकून पडलीय, वाचायला तर कोणी जात नाही. येत्या उन्हाळ्यापर्यंत बघू. पुस्तकं खरंच लोकांच्या घरात गेली तर खोली वाचनालयाची. नाहीतर कपाटं भंगारात आणि खोली सोसायटीच्या कामाला.

खरात मीटिंगमध्ये नुसते "बरं" म्हणाले. पण त्या दिवसापासून त्यांचं बोट टेबलावर उगीचच वाजायला लागलं. एकदा, दोनदा, तीनदा. गाडी थांबवायची का सोडायची, त्यांनाच कळत नसावं.

मी मनाशी म्हणालो, मी असल्यावर खोली कशी जाती बघू. आणि लागलो वाचायला.

पण मला वाचायची एकच रीत ठाऊक होती. पारायणाची. सकाळी हातपाय धुवायचे, तेवढ्यासाठी तांब्याभर पाणी मी मंडळीशी भांडून घ्यायचो. आसन टाकायचं. मोठ्यानं वाचायचं, पोथीच्या चालीवर. अध्याय पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, एकदा आरंभ केला की समाप्ती केल्याशिवाय सोडायचं नाही. आमच्या गावात पोथी अर्धी सोडली तर घराला बाधतं, हे दूधपित्या पोराला पण ठाऊक. एकानं सोडली होती, त्याची म्हैस गेली. मी डोळ्यांनी पाहिलीय ती म्हैस.

तर त्या कादंबरीत एका शिरीमंत माणसाचा खून होता आणि फौजदार खुनी हुडकत होता. ते सगळं मी चालीवर वाचत होतो. "फौजदारानं आ-आ-णि दार लोटिलं." मंडळी, म्हणजे आमच्या गयाबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "शेजारीण इचारत होती, मिस्तरीच्या घरी सप्ताह बसलाय का म्हून. मी काय सांगू, खुनाचा सप्ताह हाय म्हून सांगू?"

घसा बसायचा. डोळ्याला पाणी यायचं. सगळ्यात वाईट म्हणजे पुस्तक हातात घेतलं की ठेकेदाराकडं हिशोबाला गेल्यासारखं वाटायचं. तरी एक संपवलं, दुसरं संपवलं. तिसरं होतं एका राजाच्या लढायांचं. त्यात तोफाच तोफा. महिना गेला, तोफा संपेनात. मी वाचनालयाच्या दारावरून मान खाली घालून जायला लागलो, नवीन नेत नाही म्हणून खरात काय म्हणतील या धाकानं.

त्यांनीच गाठलं. "मिस्तरी, लई दिवस झाले. गाडी घाटात बंद पडली का?"

"संपंना."

"मग उतरा."

"म्हणजे?"

"परत आणून द्या. दुसरं घ्या."

मी म्हणालो, "अर्ध्यात? आरंभ केलाय मी."

  खरातांना ते कळायला वेळ लागला, कारण त्यांच्या घरात पोथी नव्हती. कळल्यावर म्हणाले, "मिस्तरी, फर्दापूरचं तिकीट काढलं आन् फुलंब्रीला ऊन लागलं, मळमळलं, तर माणूस उतरतो का नाय? मी एवढी वर्षं गाडीवर होतो. फुलंब्रीला उतरणारा, सिल्लोडला उतरणारा, सगळे पाहिले. कोणाचं वाईट झालेलं ऐकलं नाय. उलटीवाला शेवटपर्यंत बसला तर मात्र गाडीचे हाल व्हत्यात."

"पुस्तक म्हणजे एसटी नाय."

"व्हय. एसटीला निदान तिकीट लागतं."

मी चिडून घरी गेलो. दोन दिवस आणखी तोफा वाचल्या. तिसऱ्या दिवशी पुस्तक खरातांच्या टेबलावर टाकलं, खूण होती तशी आतच ठेवून. त्यांनी एकदा वाजवलं. मला वाटलं, डोक्यावरची पाटी खाली उतरली. एक पातळसं पुस्तक घेऊन आलो, गावाकडच्या गोष्टींचं, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी मनातल्या मनात वाचलं. घरात शांतता झाली म्हणून गयाबाई दोनदा येऊन बघून गेल्या, हा माणूस बरा आहे ना.

आणि दुसऱ्या दिवशी त्याच आडव्या झाल्या.

जुलाब, उलट्या, अंगात ताप. कॉलनीत बरीच माणसं आजारी पडली होती. टँकर येईना तेव्हा लोक बोरचं पाणी प्यायला लागले होते, आणि बोर खाली जाता जाता खारट, गढूळ झाली होती. डॉक्टरनं तेच सांगितलं, पाणी. पण माझ्या डोळ्यापुढं ती म्हैस उभी राहिली. मी तसाच वाचनालयात गेलो. चार माणसं होती तिथं. त्यांच्यासमोर म्हणालो, "कंडक्टर, तुमच्या नादानं मी आरंभ मोडला. माझी बायको पडलीय. तिला काय झालं तर मी तुम्हाला सोडणार नाय."

आजही मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही. ज्याच्या घरात माणूस पडलेलं असतं तो असंच बोलतो.

दुसरा कोणी शिकलेला असता तर त्यानं मला अंधश्रद्धेवर भाषण दिलं असतं. खरातांचा तर असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्यांनी कपाटातून ते तोफांचं पुस्तक काढलं, खोलीला कुलूप लावलं, माझ्याबरोबर घरी आले. गयाबाईंच्या खाटेजवळ उभे राहिले.

"वहिनी, कशा हायेत?"

"हाय तशीच. तुम्ही कशाला तरास घेतला दादा."

"जरा वाचायचं राहिलं होतं, ते पुरं करतो. मोठ्यानं वाचलं तर डोकं दुखंल का?"

"वाचा की."

आणि माझी खूण होती तिथून तो माणूस वाचायला लागला. उभ्यानं, भिंतीला खांदा टेकवून, डुलत. संध्याकाळपर्यंत, दुसऱ्या दिवशी सकाळी परत. मधे मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं मी पाजत होतो. बाहेर टँकरचा पत्ता नव्हता. राजानं किल्ला घेतला, गमावला, परत घेतला. गयाबाई डोळे मिटून पडलेल्या. मला वाटायचं, ऐकतायत का काय झालंय. मी नाकापुढं हात धरून बघायचो. शेवटाजवळ तोफखाना आणखी एकदा डोंगर चढायला लागला तेव्हा त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "दादा, एक इचारू?"

"विचारा की."

"ह्यो राजा मरतो कवा?"

खरात थांबले. मग त्यांना जे हसू आलं ते आवरेना. "वहिनी, मला बी तेच पाहिजे," म्हणाले, आणि उरलेली पानं एका दमात ओढून समाप्ती केली. पुस्तक मिटून माझ्याकडं वळले. "झालं पुरं. आता तुमच्या घरावर काय ऱ्हायलं नाय. पण इथून पुढं जे अर्धं सोडाल ते माझ्या नावावर सोडा. म्हैस जायची तर माझी जाईल. माझ्याकडं म्हैसच नाय."

गयाबाई आठवड्यात उठून बसल्या. पाण्यानं का पोथीनं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पण त्यानंतर मी सोडायला लागलो, आणि गंमत म्हणजे सोडायला लागलो तसं वाचणं वाढलं. नावडतं खाली ठेवलं की आवडतं पटकन सापडतं, एवढी साधी गोष्ट. प्रवासाची पुस्तकं मला आवडली. भुताची आवडली. बायांनी लिहिलेली, घरातल्या भांडणांची, ती तर लईच आवडली. गयाबाई म्हणायच्या, मला सांगा, आणि मी सांगायचो, आणि त्या म्हणायच्या, सासूचं बरोबर होतं.

खरात पुस्तकं घेऊन लायनीत उतरायला लागले. खांद्याला जुनी चामडी पिशवी, तिच्यात पैशांऐवजी पातळ पातळ पुस्तकं. हंड्यांच्या रांगेतून सरकत, "कोण राहिलंय? कोण राहिलंय?" म्हणत. कोणी म्हणायचं, "आम्हाला नको, आम्हाला पाणी द्या." ते म्हणायचे, "पाणी माझ्या हातात नाय माय, हे हाय." थट्टा करत करत बायांनी पुस्तकं घेतली. टँकर आला की पुस्तकं हंड्यावर झाकणासारखी ठेवून धावायच्या. कितीतरी पुस्तकं भिजली. खरात ती दोरीवर चिमट्यांनी वाळत घालायचे.

थंडी सरली, ऊन तापलं. मीटिंग जवळ आली. आणि गयाबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली, जी माझ्या आली नव्हती.

"त्या दादांना तुम्ही एवढ्यात वाचताना पाहिलं का?"

मी म्हणालो, "दिवसभर पुस्तकंच तर असत्यात हातात."

"हातात असत्यात. नजर कुठं असती?"

दुसऱ्या दिवशी बघितलं. खरात कपाटाला टेकून उभे होते, पुस्तक उघडं होतं, पण अंग डुलत नव्हतं. डोळे दारावर. कोण आलं, कोण नाही. कोणी पुस्तक परत आणलं की पटकन दुसरं हातात कोंबत होते, त्याला हवं का नको न बघता. सोडायला शिकवणारा माणूस आता बळंच चढवत होता. मी विचारलं, "कंडक्टर, हे पुस्तक कसंय?"

त्यांनी पुस्तकाकडं पाहिलं, जसं कोणी दुसऱ्यानं हातात ठेवलंय. म्हणाले, "खरं सांगू? तुमच्या घरच्या तोफा सोडल्या तर गणपतीपासून एक बी पुरं वाचलं नाय. अर्धं बी नाय. पान उघडतो आन् वाटतं, खोली गेली तर. गाडी भरली का रिकामी, एवढंच दिसतं. खिडकीबाहेर काय चाललंय ते दिसायचं बंद झालंय."

मला भीती वाटली. खोलीची नाही, त्यांचीच. हाडाचा वाचणारा माणूस, आणि त्याच्या तोंडातली चव गेलेली. आजारी माणसाची जाते तशी. त्या रात्री मला झोप नव्हती.

मीटिंग वैशाखात झाली, आवारातच, खुर्च्या टाकून. चेअरमन उभे राहिले. म्हणाले, "मी शब्द दिला होता. पुस्तकं घराघरात गेलीत, माझ्या पण घरात आलीत. खोली वाचनालयाची." मी मान ताठ केली. माझ्यासारखं कोणी वाचलं होतं का त्या वर्षात? पण चेअरमन बसले नाहीत. "एक अडचण हाय. पाणी गोड करायचं मशीन एक जण फुकट द्यायला तयार हाय. बोरचं खारं पाणी त्यातून पिण्याजोगं होतं. पण त्याला कुलपाची, लाईटची, तळमजल्याची खोली लागती. ह्याच आठवड्यात सांगायचंय, नाहीतर मशीन पलीकडच्या कॉलनीत जाईल. आपल्याकडं दुसरी खोली नाय. मी शब्द मोडणार नाय. खरात म्हणतील तसं."

 सगळे खरातांकडं बघायला लागले. मला ती गोष्ट अजिबात आवडली नाही. एका माणसाच्या गळ्यात एवढं टाकायचं नसतं.

मी उभा राहिलो. "खोली आम्ही वाचून मिळवलीय. डोळे फोडलेत मी वर्षभर. मशीन बाहेर पत्र्यात बसवा. मी बांधून देतो, गुडघा गेला असला तरी."

चेअरमन म्हणाले, "मिस्तरी, पत्र्याला ते लोक नाय म्हणालेत. विचारून झालंय."

"मग पुन्हा विचारा."

खरात माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. "मिस्तरी, बसा जरा." मग लोकांना म्हणाले, "माझ्या आजाला गावातल्या आडाला हात लावायची परवानगी नव्हती. वरून कोणी ओतंल तेवढं. माझ्या बायकोनं, आईनं, सगळ्यांनी पाण्यापायी काय काढलंय ते मला ठाव हाय. मी पाण्याच्या वाटंत कपाटं ठेवणार नाय. मशीन बसवा." आणि हात वर केला. आधी त्यांचाच हात. मग हळूहळू बाकीचे. गयाबाईंनी पण केला. मी केला नाही.

दोन दिवसांत पुस्तकं घरोघर गेली. ज्याला जेवढी ठेवता येतील तेवढी. मी दोन पोती माळ्यावर टाकली, पण खरातांशी बोललो नाही. महिना झाला, बोललो नाही. समोरून आले की मी बुटाची नाडी बांधायचो. मी चप्पल घालतो.

मग कळलं, ते लेकीकडं नाशिकला चाललेत. एकट्यानं पाण्याची लायन आता होत नव्हती. पाऊस पडला की येतो म्हणाले. आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तिकडंच वारले, लेकीचा फोन आला. पण ते नंतरचं.

जायच्या दिवशी गयाबाईंनी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. "जावा. न्हाई गेला तर आज घरात जेवण न्हाई."

बसस्टँडवर खरात नाशिकच्या गाडीजवळ उभे होते. मी फडकं पुढं केलं.

"वहिनीनं दिलं?"

"मग कोण, मी थापल्या?"

"अजून राग हाय?"

"हाय."

"असू द्या. राग हाय म्हणजे पुस्तकाची ओढ हाय." थोडं थांबून म्हणाले, "खोली गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला झोप लागायला लागली, मिस्तरी. मला वाटलं होतं मी रडंन."

 "पाण्याची बाटली घेतली का?" मी म्हणालो.

"घेतली."

ते चढले. खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी सुटायला वेळ होता, ड्रायव्हर खाली चहा पीत होता. मी खिडकीखाली उभा राहिलो, म्हटलं निघताना दोन शब्द बोलीन, राग सोडला असं नाही पण काहीतरी बोलीन. जुळवत होतो. वर बघितलं तर खरातांनी पुस्तक उघडलं होतं. चष्मा कपाळावरून खाली ओढला. एक पान झालं, दुसरं झालं. मग खांदे हलायला लागले. हसत होते. एकटेच, तोंडावर हात धरून, शेजारचा प्रवाशी तिरका होऊन बघत होता तरी. गाडी हलली. मी हात वर केला. चांगला उंच केला, लोकांना दिसावा एवढा. त्यांनी पाहिलाच नाही. पान उलटायची घाई होती. गाडी वळणावर गेली तोवर मी तसाच हात वर करून उभा होतो, अपमान झाल्यासारखा, आणि छातीवरचा मोठा दगड कोणी उचलल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जार घेऊन पाण्याच्या खोलीसमोर लायनीत लागलो. काखेत माळ्यावरच्या पोत्यातलं हाताला आलं ते पुस्तक होतं. कट्ट्यावर टेकलो आणि उघडलं. थोड्या वेळानं मागून कोणाची तरी सून म्हणाली, "बाबा, तुमचा नंबर आला."

"तू भर माय," मी म्हणालो. "मी जरा गुंतलोय."

ती भरून गेली. तिच्या मागची भरून गेली. गयाबाईंनी गॅलरीतून हाक मारली तेव्हा ऊन माझ्या पायांवर आलं होतं, लायन संपली होती, आणि जार रिकामा होता.